पन्हाळ्याला जाणारा आउट रन : कामाच्या नोंदी

९ मार्च

स्टिअरिंग घरी आलं. शाहूपुरीतल्या ज्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शाळा सुटल्यावर मी रुपयाचं नाणं मुठीत घट्ट धरून नंबर लावायचो, तिथलं मशीन २०१९च्या पुरात गेलं. मालक म्हणाले, "प्लायवूड फुगलं, बोर्ड गंजला, पडदा भंगारवाल्यानं नेला. चाक आणि गिअरचा दांडा तेवढा माळ्यावर पडलाय. न्यायचा तर न्या." पैसे घेतले नाहीत. चाकाच्या कडेला पुराच्या गाळाची रेघ अजून आहे. ती मी पुसणार नाही.

खेळ आउट रन. सेगाचा, १९८६चा, यू सुझुकींनी घडवलेला. लाल उघडी गाडी, शेजारी बसलेली बाई, समुद्राकाठून सुटलेला रस्ता. इतर गाड्या वाटेत येतात, पण त्यांना हरवायचं नसतं, भांडण घड्याळाशी. टप्पा संपत आला की रस्ता फुटतो, डावा घ्यायचा की उजवा ते आपण ठरवायचं, आणि असं करत पंधरा टप्प्यांच्या झाडातून पाचांपैकी एका शेवटाला पोचायचं. एका खेळात पाचच टप्पे लागतात, पण वाटा सोळा होतात. सगळे याला रेसिंग म्हणतात. मला तो लहानपणापासून सहलीला निघाल्यासारखा वाटला, आणि म्हणूनच हाच खेळ पुन्हा बांधायला घेतोय.

इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, मूळ खेळ चालतो, तो मी खेळतोही. पण मला तो हातानं बांधून बघायचाय. मूळ खेळातलं एकही चित्र, एकही सूर उचलणार नाही. पडदा मात्र तेवढाच, ३२० बाय २२४ ठिपक्यांचा. आणि रस्ता आपला, कोल्हापूर ते पन्हाळा.

१५ मार्च

रस्ता दिसायला लागला. सरळ, सपाट, करडा, पण रस्ता.

यात खरी त्रिमिती कुठेच नाही. मूळ मशीनमध्ये साडेबारा मेगाहर्ट्झचे दोन मोटोरोला ६८००० प्रोसेसर होते. त्या जिवावर डोंगरदऱ्यांचा खराखुरा हिशोब होणं शक्य नव्हतं. युक्ती अशी, की पडद्यावरची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक अंतर. क्षितिजापासून ओळ जितकी खाली, तितकी ती जवळ. कॅमेऱ्याची उंची आणि भिंगाचा आकडा यांचा गुणाकार करायचा आणि त्याला क्षितिजापासूनच्या ओळींच्या संख्येनं भागायचं. बस्स.

माझा गुणाकार ११२० धरला. क्षितिजाखाली ११२ ओळी. सगळ्यात खालची ओळ १० मीटरवर. त्याच्या निम्म्या उंचीची, ५६वी ओळ, २० मीटरवर. म्हणजे पडद्याच्या खालच्या पाव भागात अवघा दहा मीटर रस्ता! आणि क्षितिजाला टेकलेल्या वरच्या दहा ओळींत ११२ मीटरपासून ११२० मीटरपर्यंतचा सगळा. हा तक्ता कागदावर मांडला तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो. समोरून काय येतंय ते जवळजवळ शेवटपर्यंत त्या दहा ओळींत दडलेलं असतं. लहानपणी उगाच डोळे बारीक करून क्षितिजाकडे बघत खेळायचो, ते बरोबरच होतं.

मग गडद आणि फिक्या पट्ट्या अंतरानुसार आळीपाळीनं रंगवल्या, गाडीच्या वेगानं मागं सरकवल्या, आणि रस्ता पळायला लागला. थोरलीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "पण गाडी कुठंय?"

२२ मार्च

वळण. रस्ता वळत नाही, ओळी सरकतात. खालून वर जाताना प्रत्येक ओळीला मागच्या ओळीपेक्षा थोडं जास्त बाजूला ढकलायचं, आणि ते 'थोडं जास्त' पण दर ओळीला वाढवत न्यायचं. डोळ्याला वळण दिसतं. त्याच वेळी मागचा डोंगर उलट्या दिशेनं सरकवायचा. डोंगर नाही सरकवला तर रस्ता नुसता दोरीसारखा हलतो, आपण वळलो असं वाटतच नाही. आज हे दोन्ही करून पाहिलं. फरक पोटात कळतो.

३० मार्च

आठ दिवस एकाच हिसक्यामागे. रस्त्याचे तुकडे केलेत. एक तुकडा संपून दुसरा सुरू झाला की वळणात सगळा रस्ता टुणकन उडायचा. सावकाश चालवलं की जास्त. चूक अशी की गाडी तुकड्याच्या मध्यावर असली तरी मी हिशोब तुकड्याच्या सुरुवातीपासून धरत होतो. जितका तुकडा ओलांडलाय तितका वळणाचा भाग आधीच वजा करायचा. एक ओळ लिहिली आणि रस्ता लोण्यासारखा झाला.

१३ एप्रिल

चैत्र यात्रेला जोतिबाला जाऊन आलो. गुलालानं सगळा डोंगर गुलाबी. सासनकाठ्या नाचवत नेताना बघितलं आणि डोक्यात एकच : पडद्यावर उंच दिसायला याहून चांगलं काही नाही. आउट रनच्या मशीनमध्ये चित्रं लहानमोठी करण्याचं काम वेगळी चिप करायची, म्हणून झाडं आणि पाट्या एवढ्या भसाभस अंगावर यायच्या. माझ्याकडे ते काम साधा प्रोग्रामच करतो, आजच्या संगणकाला जड नाही. सासनकाठीचं चित्र १८० ठिपके उंच काढलं. लांबवर ती एका ठिपक्याची रेघ होते आणि मधूनच गायब होते, कारण चित्र आक्रसताना तिचा एकुलता एक उभा पट्टा वगळला जातो. काठीला दोन ठिपके जाडी दिली, वर पागोट्याचा फुगवटा दिला. आता लांबूनही ओळखू येते.

२० एप्रिल

चढउतार झाले. जवळून लांब जायचं, प्रत्येक तुकड्याची उंची पडद्यावर कुठे येते ते काढायचं, आणि आतापर्यंत रंगवलेल्या सर्वांत वरच्या ओळीच्या खाली तो तुकडा पडत असेल तर तो टेकडीमागे आहे, सोडून द्यायचा. झाडं मात्र लांबून जवळ अशी रंगवावी लागतात, नाहीतर मागचं झाड पुढच्याच्या डोक्यावर बसतं. टेकडीमागच्या झाडाचे फक्त शेंडे दिसले पाहिजेत. दिसले. खूप आनंद झाला.

४ मे

पहाटे मोटरसायकलवर पन्हाळा. फोनमध्ये दर सेकंदाला जागा आणि उंची नोंदवत गेलो. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग घाट, वर चार दरवाजाची जागा. सुमारे वीस किलोमीटर, चारशेच्या आसपास मीटर चढ. केर्लीत जोतिबाचा फाटा, वाघबीळला रत्नागिरी रस्त्यापासून पन्हाळ्याची वाट वेगळी. दोन फाटे तर देवानंच आयते दिलेत. वर झुणका-भाकर खाल्ली, दही घेतलं, उतरताना पुन्हा नोंद केली.

११ मे

फोनची उंची भरवशाची नाही. सपाट रस्तासुद्धा पत्र्याच्या छपरासारखा लाटालाटांचा आला. सरासरी काढून गुळगुळीत केला. खरा रस्ता, मीटर न् मीटर, खेळात भरला. जीप (लाल, उघडी, इटालियन गाडीऐवजी आपल्याकडची) पूर्ण वेगात सोडली.

काहीच होत नाही. केर्लीपर्यंत नुसता सरळ रस्ता. घाटात वळणं आलीत की नाही हेच कळत नाही, जीप एकदम रस्त्याच्या बाहेर असते.

हिशोब केला. आउट रनच्या गाडीचा सर्वाधिक वेग ताशी २९३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८१ मीटर. वीस मीटर त्रिज्येचं अर्धगोल वळण ६३ मीटर लांब. पाऊण सेकंदात संपतं! डोळ्याला दिसून हात हलेपर्यंत आपण दरीत. शिवाय या पद्धतीत प्रत्येक आडव्या ओळीला रस्त्याचा एकच मध्य असतो, त्यामुळे स्वतःकडेच परत येणारं वळण काढताच येत नाही. खरा पन्हाळा या खेळात बसत नाही.

चार दिवस काही लिहिलं नाही.

१८ मे

आप्पांनी अडतीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न मेकर म्हणून काम केलं. फौंड्रीसाठी लाकडाचे नमुने. आज संध्याकाळी माझ्यामागे खुर्ची ओढून बसले. मी तक्रार करत होतो, की एवढा रस्ता मापून आणला आणि खेळ मेला.

"खऱ्या पट्टीनं मापलास व्हय?" म्हणाले. "मग आकसणारच की."

उठून आतून त्यांची जुनी पट्टी आणली. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कामासाठीची. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागं सुमारे दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्न मेकरच्या बीडाच्या पट्टीवर जिथं एक मीटर लिहिलेलं असतं तिथं खरं माप १०१० मिलिमीटर असतं. पोलादाला दुसरी पट्टी, ॲल्युमिनियमला तिसरी. त्या पट्टीनं नमुना केला की ओतकाम बरोबर मापात उतरतं. मी लहानपणी त्याच पट्टीनं शाळेचा तक्ता आखला होता आणि बाईंनी चूक काढली होती, ते त्यांनी आज आठवण करून दिलं.

"तुझा धातू कुठला हाय ते बघ आधी," म्हणाले. "कशात ओततोयस, त्याचं आकसणं किती, ते काढ. मग पट्टी कर."

माझा धातू म्हणजे ताशी २९३.

२५ मे

आठवडाभर फक्त पट्टी. वळणांना लांबीचा भत्ता (आकसणं धरून आधीच दिलेली वाढ) सहापट : पाऊण सेकंदाचं वळण साडेचार सेकंदांचं झालं. सरळ रस्ता एकतृतीयांशावर कापला. उंची दुप्पट. हेअरपिनला रस्ता जेमतेम पाऊण पडदा वळवला, पण मागचा डोंगर प्रचंड सरकवला आणि आतल्या बाजूला काळ्या कातळाची उभी भिंत लावली, म्हणजे पुढचं दिसतच नाही आणि माणूस श्वास रोखून धरतो.

वाघबीळच्या चढावर जीप आली आणि थोरली म्हणाली, "हे तर आपल्या घाटातलं वळण!" तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकही आकडा खऱ्या रस्त्याशी जुळत नाही, पण तिला घाट ओळखू आला.

आप्पांना सांगितलं. त्यांनी पट्टी मागितली आणि परत कपाटात ठेवली.

८ जून

बाहेर ओढणारा जोर. वेगाशी सरळ प्रमाणात ठेवला तर खेळ मऊ होतो. वेगाच्या वर्गाशी ठेवला तर कमी वेगात जीप मुकाट, आणि जास्त वेगात एकदम ओढते. वर्गच ठेवला. ब्रेक मारण्याला आता अर्थ आला.

२२ जून

चित्रंच चित्रं. उसाचा फड, गुऱ्हाळाचा धूर, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, एसटी. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडताना जी धाकधूक होते ती खेळात यावी म्हणून तो रस्त्याच्या अर्ध्याहून रुंद काढलाय. मैलाचे दगड राष्ट्रीय महामार्गावर पिवळे, राज्य मार्गावर हिरवे. फाटा फुटल्यावर रंग बदलतो. खेळणाऱ्याच्या लक्षात येईल न येईल, मला ते बरोबर हवं होतं.

मूळ खेळात गाडी धडकली की उलटते आणि आतली माणसं बाहेर फेकली जातात. आईनं जीप उलटताना पाहिली आणि म्हणाली, "त्यांना असं आपटू नको रं, जीव हाय त्यांना." मी दोघांना रस्त्याकडेला गवतात उठून बसलेले, कपडे झटकत असलेले दाखवले. आईला पटलं. मलाही हेच आवडतं.

२६ जुलै

पंचगंगा वाढतेय. राजाराम बंधाऱ्याला ३४ फूट; इशारा पातळी ३९, धोका ४३. खालच्या खोलीतलं सगळं वर चढवलं. पहिल्यांदा स्टिअरिंग नेलं.

३ ऑगस्ट

पाणी उतरलं. खोक्याचा आराखडा बदलला : संगणक आणि वीजजोडणी तळाला न ठेवता पडद्याच्या वर, कपाळपट्टीमागे. पार्लरचं मशीन खालचा बोर्ड भिजून गेलं. हे तसं जाऊ नये.

१७ ऑगस्ट

फाटा. मूळ मशीनचं रस्त्याचं सर्किट एका वेळी दोन रस्ते काढू शकायचं. सुरुवातीचा रुंद रस्तासुद्धा तसाच, दोन रस्ते एकमेकांवर ठेवून. मी तेच केलं. एकच रंगवणारा भाग दोनदा बोलावतो, दोघांना वेगळं वळण देतो. मध्ये गवत दिसायला लागलं की जीप ज्या बाजूला, तो रस्ता खरा. दुसरा हळूच पडद्याबाहेर.

थोरलीनं पहिल्याच खेपेला दोघांच्या बरोबर मधून जीप नेली आणि गवतात मैलभर चालवली. आता तिथे कठडा आणि दिशादर्शक पाटी आहे.

मूळ झाड सममित आहे, पंधरा टप्प्यांचं. माझं नाही. केर्लीहून जोतिबा घेतला तर दोनच टप्प्यांत शेवट. वाघबीळकडे गेलात तर पुढे पुन्हा फाटा, पन्हाळा किंवा आंबा घाट. पाच टप्पे, तीन शेवट. सममित करायला नसलेला रस्ता घुसवावा लागला असता. लांबी ताणली, उंची ताणली, पण नसलेला फाटा काढणार नाही. जोतिबाचा टप्पा लांब आणि अवघड करून तोल साधला.

७ सप्टेंबर

पार्लरमध्ये एक मोठा मुलगा होता. रस्त्याबाहेर गेला की गिअरचा दांडा खालीवर खडाखडा हलवायचा, आणि गाडी गवतातसुद्धा वेग सोडायची नाही. आम्हाला वाटायचं देवाला हात जोडावेत तसं काहीतरी असेल. ते खरं आहे. आउट रनमध्ये दोनच गिअर, लो आणि हाय, आणि योग्य क्षणी बदलत राहिलं की रस्त्याबाहेरचा वेग कापला जात नाही. जपानात खेळणाऱ्यांनी त्याला नावसुद्धा दिलं होतं. चूक म्हणून काढून टाकावं का यावर दोन दिवस विचार केला. ठेवलं. त्या मुलाला दांडा हलवताना बघून मी गिअर म्हणजे काय ते शिकलो.

२१ सप्टेंबर

आवाज. मूळ मशीनमध्ये यामाहाची वायएम २१५१ चिप, आठ आवाजांची, प्रत्येक आवाज चार लहरींचा बनलेला. हिरोशी कावागुचींनी दिलेल्या तीन सुरावटींतली एक खेळाआधी गाडीच्या रेडिओवर निवडायची. खेळाडूनं संगीत आपण निवडायचं, ही कल्पनाच मला तेव्हा श्रीमंतीची वाटायची. रेडिओ मीही ठेवलाय. तीन धून माझ्या. त्यांतली तिसरी हलगी, घुमकं आणि कैताळाची, गल्लीतल्या पोरांनी गणपतीत आमच्या गच्चीवर वाजवून दिलेली. घाटात हीच लावावी.

इंजिनाचा आवाज एकाच नमुन्याचा वेग वाढवून केला तर दुपटीनंतर मिक्सरसारखा किंचाळतो. संथ आणि चढा असे दोन नमुने घेतले, वेगानुसार एक विरत दुसरा चढतो.

१२ ऑक्टोबर

स्टिअरिंगचा जुना पोटेंशियोमीटर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) गंजलेला, म्हणून नवा आणला. नवा म्हणून जुनाच मिळाला. उघडला तर कार्बनचा पट्टा मधोमध घासलेला. सरळ जाताना जीप थरथरायची, आणि मी तीन रात्री स्वतःच्या प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. घासणारं काही नकोच म्हणून चुंबकीय सेन्सर घेतला, एका फेऱ्याचे ४०९६ भाग करणारा. त्याचं चुंबक बसवायला लेथवर पितळेची टोपी काढली. लोखंडाची काढली असती तर चुंबकाचं क्षेत्र तिथेच अडकलं असतं. थरथर गेली.

खोकं आप्पांनी केलं. सगळे कोपरे सांध्यात बसवले, खिळा एकही नाही. आत पडदा १२८० बाय १०२४चा जुना. चित्र बरोबर चौपट केलं की १२८० बाय ८९६ होतं, वरखाली ६४-६४ ओळी काळ्या राहतात. चाक बसवताना गाळाच्या रेघेला हात लागणार नाही अशी बाजू खाली धरली.

दिवाळी, पाडवा

सकाळपासून गल्ली घरात. नाण्याची फट खरी आहे, जुनंनवं कुठलंही रुपयाचं नाणं चालतं. आप्पा शेवटी बसले. चष्मा नीट केला, रेडिओवर हलगी लावली. केर्लीला जीप मधे धरून ठेवली, अगदी शेवटच्या क्षणी जोतिबाकडे घेतली. अर्ध्या वाटेवर वेळ संपली. सासनकाठ्या दिसायला लागल्या होत्या.

"वळण जरा लौकर येतंय," म्हणाले, आणि खिशात दुसरं नाणं शोधायला लागले.

बघितलं. त्यांचं बरोबर आहे. जोतिबाच्या तिसऱ्या वळणाला भत्ता सहा नाही, सात हवा.

२ नोव्हेंबर

सात केला. आंबा घाटातलं धुकं अजून बाकी आहे.